प्रोत्साहन आणि प्रलोभन

माझ्या आजोळी परसात एक जुनी विहीर होती. पौषातल्या पहाटे तिचे पाणी काढले की घागरीच्या तोंडाशी वाफ दिसे आणि हाताला ते कोमट लागे; वैशाखात त्याच पाण्याने अंगावर शहारा येई. विहीर माणसांची सोय पाहून वागते, असे आम्हां मुलांना वाटे. पुढे कळले की विहीर मुळीच बदलत नाही. बदलते ती वरची हवा. जमिनीच्या पोटात आठ-दहा मीटर खाली गेले की ऋतूंची ये-जा जवळजवळ थांबते, आणि त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरी तपमानाच्या आसपास भूमी स्थिर राहते. पेवात ठेवलेले धान्य, जुन्या वाड्यांतील तळघरे, उत्तरेकडील बावड्यांच्या खालच्या पायऱ्यांवरचा गारवा, या सर्वांच्या मुळाशी हीच भूमीची स्थितप्रज्ञता आहे.

या स्थिरतेचा उपयोग करून घेणारे एक यंत्र थंड देशांत बरेच प्रचारात आले आहे. त्याला भूऔष्णिक हीट पंप म्हणतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या उन्हाळ्यांतील कढत पाण्याशी त्याचा संबंध नाही. त्याला पुरते ती कोणत्याही अंगणाखालची साधी, मंद ऊब. जमिनीत नळ्या पुरून त्यांतून पाणी किंवा न गोठणारे द्रव फिरवायचे, त्याने आणलेली उष्णता वीज खर्चून अधिक वरच्या तपमानाला चढवायची आणि घरात सोडायची. उन्हाळ्यात हीच क्रिया उलट करावयाची. हा पंप उष्णता निर्माण करीत नाही, ती केवळ वाहून नेतो. म्हणून एक युनिट वीज खर्चून तीन-चार युनिट उष्णता मिळते. ही कल्पना लॉर्ड केल्व्हिनने 1852 सालीच मांडली होती, आणि अमेरिकेतील पोर्टलंड शहरात 1948 साली एक मोठी कार्यालयीन इमारत भूजलावर चालणाऱ्या अशाच पंपांनी तापविली जाऊ लागली. एकदा पुरलेल्या नळ्या पन्नास वर्षे टिकतात. धूर नाही, घरात ज्वाला नाही, तेलाचा टँकर दारी यावयास नको.

मग असे गुणी यंत्र घरोघरी का नाही? कारण जमीन खणावयास पैसा लागतो. नळ्यांसाठी शंभर-दीडशे मीटरची भोके पाडावयाची तर खर्च हजारो डॉलरांत जातो. लाभ पन्नास वर्षे थेंबथेंब मिळावयाचा आणि खर्च पहिल्याच दिवशी ओंजळभर द्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. येथे सरकार पुढे होते आणि म्हणते, ‘तू खण, काही भाग मी देतो.’ अमेरिकेत 2008 च्या कायद्याने घरमालकांना या पंपाच्या खर्चाच्या 30 टक्के रक्कम आयकरातून वजा करून मिळू लागली. आरंभी तिला 2,000 डॉलरांची मर्यादा होती, ती 2009 साली उठली. 2016 च्या अखेरीस सवलत संपली, 2018 च्या आरंभी मागील तारखेपासून पुन्हा दिली गेली, मग उतरत 26 टक्क्यांवर आली, आणि 2022 च्या कायद्याने पुन्हा 30 टक्के होऊन 2032 पर्यंत तिची हमी मिळाली. व्यवसायांसाठी स्वतंत्र कलमाने अशीच सोय झाली.

हा सारा हिशेब मी मांडला तो यंत्राची जाहिरात करण्यासाठी नव्हे. त्यातून जो प्रश्न उभा राहतो तो नीतीचा आहे, आणि तो केवळ अमेरिकेचा नाही. चांगले काम पैसे देऊन करवून घेतले, तर ते चांगले राहते काय? आणि राहत असेल, तर ते विकत घेण्याचा अधिकार शासनाला कोठून मिळतो?

पहिल्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या परिचयाचे आहे. फलाची आशा धरून केलेले कर्म हलक्या प्रतीचे, ही शिकवण आपल्या रक्तात भिनलेली आहे. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी कर्माची किंमत केवळ त्याच्या बाह्य परिणामावरून ठरविणाऱ्यांशी मोठा वाद घातला आहे. त्या ओघात ते अमेरिकेतीलच एका शहराच्या ट्रामगाडीचा दाखला देतात. ट्रामवे लोकांच्या सोयीची होती, परंतु मंजुरीस विलंब होत होता. तेव्हा व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना पैसे चारून ती लवकर मिळविली. लोकांचे सुख वाढले. म्हणून लाच पवित्र झाली काय? टिळकांचा कौल स्पष्ट आहे: कर्त्याची बुद्धी पाहिल्यावाचून कर्माचा निवाडा होत नाही.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की, धुराड्यातून निघणारा धूर कोणाची बुद्धी पाहत नाही. एका गृहस्थाने पृथ्वीवरील प्रेमाने तेलाची भट्टी काढून टाकली आणि दुसऱ्याने 30 टक्क्यांच्या मोहाने, तरी आकाशात जाणारा धूर दोघांचा सारखाच कमी झाला. शासनाला मनाचा ठाव घेता येत नाही, आणि ते घेऊ लागले तर फार भयंकर होईल. त्याने कृती पाहावी, मन ज्याचे त्याच्यापाशी राहू द्यावे. या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. हेतूची शुद्धता तपासणाऱ्या सरकारपेक्षा पावती तपासणारे सरकार केव्हाही बरे.

तथापि मनाचा विचार इतक्या सहजी बाजूस सारता येत नाही. कारण पैसा मनाला हात न लावता निघून जातो असे दिसत नाही. स्वित्झर्लंडमध्ये 1993 साली वोल्फेनशीसन नावाच्या गावच्या परिसरात किरणोत्सारी कचऱ्याचे कोठार बांधावयाचे घाटत होते. ब्रूनो फ्राय आणि फेलिक्स ओबरहोल्झर-गी या अभ्यासकांनी गावकऱ्यांना विचारले, तेव्हा 50.8 टक्के लोकांनी संमती दर्शविली. मग विचारले की, देशाने दरसाल भरपाई दिली तर? संमती वाढावयाची ती 24.6 टक्क्यांवर आली. जे लोक कर्तव्य म्हणून ओझे उचलावयास तयार होते, त्यांनी मोबदल्याचे नाव निघताच हात आखडला. दुसरा प्रयोग इस्रायलमधील हैफा शहरातला, 2000 साली प्रसिद्ध झालेला. पाळणाघरातून मुलांना न्यावयास उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर कमी होण्याऐवजी जवळजवळ दुपटीने वाढला. आधी उशीर झाला की ओशाळवाणे वाटे. आता त्याचा दर ठरला, आणि दर भरला की ओशाळण्याचे कारण उरले नाही. दंड काढून टाकला तरी गेलेली लाज परतली नाही.

इतक्या दूर जावयास नको. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्या आम्हां नोकरदारांना बचतीचे महत्त्व फेब्रुवारी-मार्चमध्येच का पटते, हे कोणत्याही कचेरीत विचारावे. दीड लाखाची मर्यादा गाठली की काटकसरीचा सद्गुण पुढील वर्षापर्यंत निजतो. सवलतीने बचत होते हे खरे. पण ‘बचत का करावी’ या प्रश्नाचे आमचे उत्तरच तिने बदलून टाकले आहे.

म्हणजे अनुदान हे मूलतः अनीतिकारकच समजावयाचे काय? मला तसे वाटत नाही. हा गोंधळ एका शब्दामुळे होतो. आपण अनुदानाला बक्षीस समजतो. भले काम केले म्हणून सरकारने दिलेली शाबासकी, असे त्याचे रूप आपल्या मनात असते. तसे ते असेल, तर ते लाचेच्या फार जवळचे आहे. कारण जे ज्याचे कर्तव्यच आहे ते करण्यासाठी त्याला पैसे देणे यालाच आपण लाच म्हणतो. परंतु विहिरीचेच उदाहरण घ्या. गावाला पाणी हवे आहे, आणि एका शेतकऱ्याच्या शेतात ते लागण्याजोगे आहे. तो खणावयास निघाला, तर पाणी सगळे नेणार आणि खर्च तो एकटा सोसणार. अशा वेळी गावाने चार पैसे जमवून त्याच्या हाती ठेवले, तर त्याला कोणी बक्षीस म्हणणार नाही, लाच तर नाहीच नाही. ती गावाची वर्गणी आहे.

हीट पंपाचे असेच आहे. घराची ऊब घरमालकाची. पण न निघालेल्या धुराचा लाभ शेजाऱ्याचा, परगावच्याचा, समुद्रापलीकडच्याचा आणि अजून न जन्मलेल्याचाही. लाभ सर्वांचा आणि खणण्याचा खर्च एकाचा, ही विषमता आहे. तिच्यापुरते उरलेल्यांनी आपला वाटा उचलणे म्हणजे परोपकारही नव्हे आणि प्रलोभनही नव्हे. तो साधा न्याय आहे. कोणी म्हणेल, मग धूर करणाऱ्यावरच कर का बसवू नये? स्वीडनने 1991 साली कार्बनवर कर बसविला, आणि तेथे लाखो घरे अशा पंपांवर तापतात. वर्गणी गोळा करण्याची तीही एक रीत आहे, किंबहुना अधिक सरळ रीत आहे. परंतु ज्याच्या खिशात नवे यंत्र घेण्याइतके पैसेच नाहीत, त्याला कर केवळ बोचतो, वाट दाखवीत नाही. म्हणून वर्गणीचा प्रश्न उरतोच.

अनुदान ही वर्गणी आहे असे एकदा मान्य केले, की तिचे नियमही आपोआप ठरतात. मला ते तीन दिसतात.

पहिला नियम असा की, वर्गणी खर्चाहून अधिक असू नये. हे सांगावयास नको असे वाटेल. पण उत्तर आयर्लंडची कथा ऐकावी. तेथे 2012 च्या नोव्हेंबरात व्यवसायांसाठी अपारंपरिक उष्णतेला उत्तेजन देणारी योजना निघाली. भूऔष्णिक हीट पंपही तिच्यात होते. पण अनर्थ झाला तो लाकडाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या बॉयलरांपायी. जितकी उष्णता निर्माण कराल तितके पैसे, आणि तेही वीस वर्षे, असा करार होता. दर असा ठरला की, जळणाच्या किमतीपेक्षा अनुदानच अधिक. ब्रिटनच्या मूळ योजनेत ठराविक वापरानंतर दर खाली येण्याची तरतूद होती. ती येथे उचलली गेली नाही. परिणामी जाळणे हाच धंदा झाला. ऊर्जा वाचविण्यासाठी जन्मलेली योजना ऊर्जा उधळणाऱ्याला पैसे देऊ लागली. 2016 च्या फेब्रुवारीअखेर ती नव्या अर्जदारांना बंद झाली. 2017 च्या जानेवारीत उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी याच प्रकरणावरून राजीनामा दिला, शासन कोसळले, आणि पुढील तीन वर्षे त्या प्रांताला आपले मंत्रिमंडळ नव्हते.

दुसरा नियम असा की, वर्गणी ज्याला खणणे अशक्य आहे त्याच्यापर्यंत पोहोचावी. अमेरिकेतील घरगुती सवलत आयकरातून वजा होणारी होती. ज्याला आयकर लागत होता त्यालाच ती मिळे. ज्याचे उत्पन्न करपात्रच नव्हते त्याला काही नाही. भाडेकरूला अंगणच नसते, मग तो खणणार कोठे? सेव्हरिन बोरेनस्टीन आणि लुकास डेव्हिस या बर्कलीच्या अर्थशास्त्रज्ञांनी 2016 साली दाखवून दिले की, 2006 पासून अमेरिकन कुटुंबांना स्वच्छ ऊर्जेसाठी मिळालेल्या 18 अब्ज डॉलरांहून अधिक करसवलतींपैकी सुमारे 60 टक्के वाटा सर्वाधिक उत्पन्नाच्या एकपंचमांश लोकांकडे गेला. खालच्या तीनपंचमांश लोकांच्या वाट्याला सुमारे 10 टक्के आले. वर्गणी सगळ्यांनी दिली आणि विहीर वाड्यातच खणली गेली, असा हा प्रकार. यावर उपाय नसतो असेही नाही. 2022 च्या कायद्याने, कर न भरणाऱ्या शाळा, नगरपालिका आणि प्रार्थनामंदिरे यांना सवलतीची रक्कम रोख देण्याची सोय केली. इच्छा असली की तरतूद सापडते.

आपल्याकडेही हे शल्य आहे. छतावरील सौर विजेसाठी 2024 साली निघालेल्या केंद्रीय योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळते. योजना उत्तम आहे. परंतु मी सरकारी क्वार्टरच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या डोक्यावर छत आहे, पण ते माझे नाही. आमच्या जिन्याखाली इस्त्रीचे टेबल मांडणाऱ्याला तर छतही नाही, आणि तो काडेपेटी विकत घेतो तेव्हा कर मात्र भरतो. 2025 च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, आणि त्यात जमिनीच्या उबेवर चालणाऱ्या पंपांचाही विचार आहे. उद्या त्यासाठी अनुदाने निघतील तेव्हा त्या इस्त्रीवाल्याचे दोन पैसे त्यांत असतील, हे विसरता कामा नये.

तिसरा नियम वचनाचा. खणणारा पन्नास वर्षांचा विचार करून खणतो. वर्गणी देणाऱ्याने निदान दहा वर्षांचे तरी सांगावे, आणि सांगितले ते पाळावे. अमेरिकेच्या 2022 च्या कायद्याने घरमालकांना 2032 पर्यंत 30 टक्क्यांचे आणि 2034 पर्यंत उतरत्या दराचे वचन दिले होते. 4 जुलै 2025 रोजी सहीझालेल्या नव्या कायद्याने ते 31 डिसेंबर 2025 रोजी संपविले. व्यवसायांची या पंपांवरील सवलत मात्र राहिली. अनुदान कायमचे असावे असे मी म्हणत नाही. किंबहुना वर्गणीला शेवट असलाच पाहिजे, नाहीतर तिची पेन्शन होते. परंतु शेवट आधी सांगितलेला असणे वेगळे, आणि खड्डा अर्धा खणला असता दोर वर ओढून घेणे वेगळे. प्रलोभन दाखविणारा वाटेल तेव्हा आमिष काढून घेतो. वर्गणीदाराला तसे करता येत नाही. लोकांना अनुदानात आमिष दिसू लागते ते बहुधा येथूनच.

आता उरतो तो प्रश्न मनाचा, आणि तो माझ्या मते अनुदान घेणाऱ्याच्या मनापुरता नाही. उत्तर आयर्लंडच्या कथेतील एक प्रसंग मला फार दिवस छळतो आहे. 2013 साली, योजना निघून वर्षही झाले नव्हते तेव्हा, ऊर्जा वाचविणारी साधने विकणाऱ्या एका उद्योजक स्त्रीच्या ध्यानात आले की, या योजनेतल्या लोकांना तिची साधने नकोशी झाली आहेत. उलट खिडक्या उघड्या टाकून हीटर चालू ठेवले जात आहेत. तिने खात्याला लिहिले, अधिकाऱ्यांची भेट घेतली. तिचे म्हणणे खरे होते, आणि ते कोणी खरे मानले नाही. सर पॅट्रिक कॉग्लिन यांच्या चौकशीचा अहवाल 2020 च्या मार्चमध्ये आला. त्याचा निष्कर्ष असा की, या अनर्थाच्या मुळाशी भ्रष्टाचार नव्हता. होती ती चुकांची आणि हलगर्जीपणाची रास.

हे वाचून सुटल्यासारखे वाटावयास हवे होते. मला उलट अधिक भय वाटले. लाच घेतली की माणसाला आपण काय केले ते ठाऊक असते. येथे कोणीच काही घेतले नव्हते. टिळकांच्या ट्रामगाडीच्या दाखल्यात बुद्धी दुष्ट होती आणि फळ चांगले. येथे कोणाची बुद्धी दुष्ट नव्हती, आणि फळ असे. आवक-जावकीच्या मेजावर मी अकरा वर्षे काढली आहेत. असे पत्र आमच्याकडे आले तर त्याचे काय होते, ते मला माहीत आहे. क्रमांक पडतो, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो, आणि ते योग्य त्या कार्यवाहीची वाट पाहत राहते. चारएक वर्षांपूर्वी एका वृद्ध गृहस्थांचे पत्र माझ्या हातून गेले. एका योजनेच्या अर्जातील एका अटीमुळे, ज्यांच्यासाठी ती योजना आहे तेच अपात्र ठरतात, असे त्यांनी दोन पानी सुवाच्य अक्षरात लिहिले होते. मी ते वाचले, पटले, आणि नेहमीप्रमाणे पुढे पाठविले. वर एक चिठ्ठी जोडून साहेबांचे लक्ष वेधता आले असते. मी जोडली नाही. तसे करण्यास मला कोणी मनाई केली नव्हती, आणि न करण्याबद्दल कोणी मला पैसेही दिले नव्हते.

म्हणून मला असे वाटू लागले आहे की, सत्कर्माला पैसे द्यावेत की नाही, या वादात आपण चुकीच्या माणसाकडे पाहत बसतो. अंगणात खड्डा खणणाऱ्या गृहस्थाने 30 टक्के घेतले म्हणून त्याचे पुण्य उणे होत नाही. उरलेले 70 टक्के आणि उकरलेले अंगण त्याचेच असते. निष्काम बुद्धीची खरी गरज आहे ती वर्गणीची पेटी ज्यांच्या हाती आहे त्यांना: दर ठरविणाऱ्याला, कायदा करणाऱ्याला आणि मोडणाऱ्याला, आणि आलेले पत्र वाचणाऱ्यालाही. त्यांच्या दक्षतेसाठी कोणतेही अनुदान निघालेले नाही, आणि निघू नये. तेवढे एक काम तरी विकत घेता न येणारे राहिले पाहिजे. कारण बाकीची सारी विकत घेतलेली कामे त्याच्याच भरवशावर चांगली राहतात.

आजोळची विहीर आता बुजली आहे. ती खणताना कोणी किती वर्गणी दिली याची एक वही आजोबांच्या कपाटात होती. दोन आण्यांपासून पंचवीस रुपयांपर्यंत नावे होती, आणि शेवटच्या पानावर शिल्लक राहिलेल्या साडेतीन रुपयांचा दोर आणला, अशी नोंद होती. ती वही लिहिणाऱ्याचे नाव मात्र तिच्यात कोठेही नव्हते.